वाचकांचे प्रश्न : धक्का, बोटी आणि मॅनटी

मागच्या अंकात मी फ्लोरिडातल्या मॅनटीबद्दल, म्हणजे तिथल्या समुद्रगाईबद्दल लिहिलं होतं. पाण्याकाठी धक्का, मरीना (बोटी ठेवायचा तळ) किंवा बोटी उतरवायचा रॅम्प बांधायला परवानगी देताना तिचा विचार कसा केला जातो, हा त्या लेखाचा विषय होता. त्यावर फ्लोरिडातल्या मराठी घरांमधून आणि महाराष्ट्रातूनही पत्रं आली. फोर्ट मायर्समध्ये अशाच परवानग्यांचे अर्ज तयार करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे उत्तरं कामाच्या अनुभवावरूनच देते आहे.

ताई, वादळात मोडलेला धक्का काढून आम्ही नवा बांधतोय. परवानगीबरोबर मॅनटीच्या अटींचे कागद आले. गेल्या आठवड्यात खांब ठोकताना एक मॅनटी आली म्हणून कंत्राटदाराने काम थांबवलं, आणि आता थांबलेल्या वेळेचे जादा पैसे मागतोय. एका घराच्या एवढ्याशा धक्क्यासाठी हे सगळं खरंच लागतं का? — केप कोरलमधलं एक जोडपं

लागतं. तुमच्या शहरात चारशे मैलांच्या आसपास कालवे आहेत. १९५७ पासून जमीन खणून, घरामागे पाणी आणि पाण्यात बोट, असं शहरच वसवलं गेलं. २०२२ च्या सप्टेंबरात इयन वादळ आलं, त्यानंतर किती सीवॉल, म्हणजे पाण्याकाठच्या भिंती, आणि धक्के एकाच वेळी बांधायला निघाले ते तुम्ही पाहिलंच असेल. त्यातला प्रत्येक धक्का एवढासाच होता. पण त्या सगळ्या कालव्यांचं पाणी एकच, आणि त्यातून ये-जा करणाऱ्या मॅनटीही त्याच.

तुमच्या भागातून त्या जातात याचं मोठं कारण म्हणजे ऊब. मॅनटी दहा फूट लांब, चार-पाचशे किलोची असली तरी तिच्या अंगावर चरबीचा थर पातळ असतो आणि शरीरात उष्णता फारशी तयार होत नाही. पाणी २० अंश सेल्सिअसच्या खाली बराच काळ राहिलं तर ती आजारी पडते, मरतेही. म्हणून थंडी पडली की कलूसाहॅची नदीने वर येऊन त्या ऑरेंज नदीत जमतात, कारण तिथे वीजकेंद्राचं कोमट पाणी सुटतं. थंडी ओसरली की खायला पुन्हा खाली पसरतात. तुमचा कालवा त्या वाटेवर आहे.

आता अटींकडे येऊ. पाण्यातल्या कामासाठीच्या या अटी राज्यभर सारख्या आहेत, सध्याचा मसुदा २०११ चा आहे. मॅनटी कामापासून ५० फुटांच्या आत आली की पाण्यातली सगळी यंत्रं बंद करायची, बोटीसुद्धा. ती ५० फुटांच्या बाहेर गेलेली दिसली की काम सुरू. दिसेनाशी झाली, तर शेवटचं दर्शन झाल्यापासून ३० मिनिटं वाट बघायची. ही अर्ध्या तासाची अट लोकांना फार खुपते. पण मॅनटी फिरत असताना दर तीन-चार मिनिटांनी श्वास घ्यायला वर येते, आणि तळाशी विसावलेली असली तर वीस मिनिटंही खाली राहू शकते. दहा मिनिटं दिसली नाही म्हणून हातोडा सुरू केला, तर ती नेमकी खांबाखाली झोपलेली असण्याची शक्यता उरते. तिला हाकलायचं नाही, पाणी आपटून घाबरवायचं नाही, बोटीने वळवायचं नाही. ती आपण होऊन जाईपर्यंत थांबायचं.

मी स्वतः बार्जवर, म्हणजे कामाच्या सपाट तराफ्यावर, निरीक्षक म्हणून उभी राहिले आहे. मॅनटी दिसते म्हणजे बहुतेक वेळा फक्त नाकाचा शेंडा, तोही क्षणभर. त्यापेक्षा पाण्यावरच्या खुणा कामाला येतात. शेपटीच्या प्रत्येक फटक्यानंतर वर एक गुळगुळीत गोल चकती उमटते, आणि अशा चकत्यांची रांग दिसली की ती कुठे चालली आहे ते कळतं. ध्रुवित काचांचा चष्मा असेल तर पाण्यावरची चकाकी कमी होऊन उथळ पाण्यात तिची पाठही दिसते. क्रेन चालवणाऱ्या माणसाला हे जमणार नाही, त्याची नजर खांबावर असते. म्हणून कामावरच्या प्रत्येकाला सुरुवातीलाच माहिती द्यायची अट आहे, आणि बघण्याचं काम एका माणसाकडे वेगळं दिलेलं मला नेहमी बरं वाटतं.

गाळ पसरू नये म्हणून लावलेल्या पडद्याकडे तुम्ही स्वतः लक्ष ठेवा. तो अशा कापडाचा हवा की त्यात मॅनटीचं अंग किंवा वल्ह्यासारखे हात अडकणार नाहीत. तो घट्ट बांधलेला हवा आणि रोज तपासला जायला हवा. कालव्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत तो ताणला तर तिची वाटच बंद होते, तेही चालत नाही. एका कामावर पडद्याच्या आत मॅनटी शिरलेली आढळली होती. आम्ही यंत्रं बंद केली, पडद्याचं एक टोक सोडून दिलं आणि दुपारभर बसून राहिलो. संध्याकाळच्या सुमाराला ती निघाली. मुकादमाने त्या दिवशी एकदाही कुरकुर केली नाही, हे मी आजही कौतुकाने सांगते.

बार्ज आणि कामाच्या बोटी कामाच्या जागेजवळ आणि बोटीखाली चार फुटांपेक्षा कमी पाणी उरतं अशा ठिकाणी अगदी मंद वेगाने, लाट न उठवता चालवायच्या. कारण साधं आहे. बोटीच्या तळाखाली मॅनटी मावेल एवढी जागा राहिली नाही, तर ती चिरडली जाते. तुमच्या सीवॉलमधून पावसाच्या पाण्याचा पाइप निघत असेल तर तोही बघा. आठ इंचांपेक्षा मोठ्या आणि आठ फुटांपेक्षा लहान तोंडाच्या पाइपांना जाळी बसवायला सांगतात. २०१५ च्या फेब्रुवारीत सॅटेलाइट बीच इथे ऊब शोधत निघालेल्या १९ मॅनटी पावसाळी पाण्याच्या गटारात अडकल्या होत्या, रस्ता खोदून त्यांना बाहेर काढावं लागलं.

राहिले पैसे. या अटी नव्या नाहीत, गुप्त नाहीत. या भागात पाण्यातलं काम करणाऱ्या कंत्राटदाराला त्या पाठ असतात आणि थांबावं लागणार हे गृहीत धरूनच तो दर देतो. तुमच्या करारात थांबलेल्या वेळेचा दर वेगळा लिहिला असेल तर तो द्यावा लागेल. तसं काही लिहिलेलं नसेल तर देऊ नका. दोन्ही वेळी आधी कामाची नोंदवही मागा: मॅनटी किती वाजता दिसली, यंत्रं कधी बंद झाली, पुन्हा कधी सुरू झाली. ज्याने खरोखर थांबून काम केलं त्याच्याकडे ही नोंद असते. आणि नोंद असेल, तर नियम पाळणाऱ्या माणसाशी शंभर-दोनशे डॉलरवरून भांडू नका, असं माझं मत आहे. पुढच्या घरी त्याने थांबावं असं आपल्यालाच वाटतं ना?

मुलाकडे टँपाला आलो आहे. घरामागच्या खाडीत मॅनटी येते. नळी सोडली की तोंड वर करून गोडं पाणी पिते, नातवंडांना फार गंमत वाटते. कोबीची पानंही खाते. यात काही गैर आहे का? — नाशिकचे एक आजोबा

आजोबा, गैर आहे आणि बेकायदाही. मॅनटीला खायला घालणं, पाणी पाजणं, हात लावणं, पाठलाग करणं, या सगळ्याला राज्याच्या आणि केंद्राच्या कायद्यात दंड आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. नळीचं पाणी प्यायला मॅनटी एकदा धक्क्यापाशी यायला शिकली की ती दुसऱ्याच्या धक्क्यापाशीही जाते, आणि धक्क्यापाशी बोटी असतात. बोटीजवळ जायची भीती मोडणं हाच तिच्या जिवाला मोठा धोका. नातवंडांना वही द्या. पाठीवरचे व्रण, शेपटीला पडलेला खाच-खळगा, बरोबर पिल्लू आहे का, हे ती काढून ठेवू शकतील. फ्लोरिडातले शास्त्रज्ञसुद्धा मॅनटी ओळखतात त्या व्रणांच्या फोटोंवरूनच, कारण बहुतेक मोठ्या मॅनटींच्या अंगावर बोटीच्या पंख्याच्या खुणा असतात. जखमी मॅनटी दिसली, किंवा एकटं पिल्लू दिसलं, तर मात्र लगेच राज्याच्या वन्यजीव आयोगाला १-८८८-४०४-३९२२ वर फोन करा.

नेपल्समधल्या आमच्या सोसायटीला सहाशे फूट पाण्याचा काठ आहे. आम्हाला चोवीस बोटींची जागा हवी होती. सल्लागार म्हणतात, अर्ज केला तरी सहाच मिळतील. काठ आमच्या मालकीचा, पैसे आमचे, बांधकामाच्या सगळ्या अटी पाळायला आम्ही तयार. मग आकडा दुसऱ्याने का ठरवायचा? — सोसायटीच्या समितीचे एक सभासद

तुमच्या पत्राला सगळ्यांत सविस्तर उत्तर देते, कारण खरा मुद्दा इथेच आहे.

पहिल्या पत्रातल्या अटी बांधकामाच्या काळापुरत्या असतात. खांब ठोकून झाले, बार्ज गेली, अटी संपल्या. त्या नीट पाळल्या तर बांधकामात मॅनटी मरण्याची शक्यता फार थोडी. पण तुम्ही चोवीस बोटींची जागा बांधली, तर पुढची चाळीस-पन्नास वर्षं तिथून चोवीस बोटी निघत राहणार. शनिवारी सकाळी समुद्राकडे, संध्याकाळी परत. परवानगी देणाऱ्याला विचार त्या फेऱ्यांचा करावा लागतो, आणि त्या फेऱ्यांवर कुठलाही मुकादम उभा नसतो.

बोट मॅनटीला कशी मारते याबद्दल एक समज पक्का आहे, की पंख्याने कापते. कापते हे खरं. पण कित्येक मॅनटींच्या मरणाचं कारण नुसती बोटीची धडक असते, बाहेर जखम दिसतही नाही. मॅनटीची फुफ्फुसं पाठीच्या लगत, लांबच्या लांब पसरलेली असतात. बरगड्या जाड, भरीव, आत मज्जा नाही, त्यामुळे धडकेने त्या वाकत नाहीत, मोडतात, आणि मोडलेलं टोक फुफ्फुसात घुसतं. म्हणून पंख्याला जाळी बसवली की प्रश्न सुटला, असं होत नाही. उपाय दोनच: बोट सावकाश चालवणं, आणि जिथे मॅनटी जास्त तिथे बोटी कमी ठेवणं. पहिल्यासाठी वेगाच्या पाट्या असतात. दुसऱ्यासाठी तुमचा तो सहाचा आकडा.

तो आला कुठून तेही सांगते. १९८९ मध्ये फ्लोरिडाच्या राज्यपालांनी आणि मंत्रिमंडळाने मॅनटी जास्त असलेल्या तेरा काउंटींना, म्हणजे जिल्ह्यांना, संरक्षणाचा आराखडा करायला सांगितलं. तुमची कॉलियर काउंटी त्यात होती, माझी ली काउंटीही. कॉलियरचा आराखडा १९९५ मध्ये झाला. बोटींच्या नव्या सोयी कुठे व्हाव्यात आणि कुठे नकोत, हा त्याचा गाभा. त्यासाठी प्रत्येक जागेबद्दल तीन गोष्टी बघतात: ओहोटीलाही तिथे चार फूट पाणी राहतं का; बांधकामाने समुद्रगवत किंवा तिवरं यांसारख्या अधिवासाची किती हानी होईल; आणि पाण्यावरून पाच मैलांच्या अंतरात बोटींनी किती मॅनटी मारल्या आहेत. त्यावरून जागा तीन गटांत पडतात. सगळ्यांत योग्य जागेवर काठाच्या दर शंभर फुटांना अठरा बोटी, मधल्या गटात दहा, आणि जपायच्या गटात एक. तुमचा काठ सहाशे फूट. योग्य गटात असता तर एकशेआठ बोटींचा हिशेब झाला असता. जपायच्या गटात आहे म्हणून सहा.

काठ तुमचा आहे, हे मी मान्य करते. पण बोटी ज्या पाण्यातून जाणार ते सार्वजनिक आहे, आणि तळही बहुतेक ठिकाणी राज्याच्या मालकीचा असतो. शेजारच्या सोसायटीनेही चोवीस मागितल्या, तिच्या पलीकडच्या हॉटेलने साठ, तर? प्रत्येक अर्ज वेगळा बघितला की प्रत्येक वेळी उत्तर एकच येतं, एवढ्याने काही बिघडत नाही. नेमक्या याच मुद्द्यावर २००० साली मॅनटी आणि पर्यावरणासाठी काम करणाऱ्या संस्था केंद्राच्या खात्यांविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या: एकेक धक्का, एकेक मरीना मंजूर होत राहिली, सगळ्यांचा मिळून होणारा परिणाम कोणी मोजला नाही. २००१ च्या जानेवारीत तडजोड झाली, त्यातून नवी राखीव क्षेत्रं आणि वेगाची बंधनं आली. काउंटीचा आराखडा म्हणजे हीच बेरीज आधी करून ठेवणं. मला ती पद्धत न्याय्य वाटते, कारण अर्ज करणारा गरीब की श्रीमंत, ओळखीचा की अनोळखी, याने आकडा बदलत नाही. आणि जमीन विकत घेण्याआधीच तो कोणालाही बघता येतो.

बोटी पाण्यात बांधल्या नाहीत, शेडमध्ये एकावर एक रचून ठेवल्या आणि लागेल तशा क्रेनने उतरवल्या, तरी त्या मोजल्या जातात. रॅम्पची क्षमता तर ट्रेलर उभे करायच्या जागेवरून ठरते. पंधरा ट्रेलरची जागा म्हणजे सुट्टीच्या दिवशी पंधरा बोटी पाण्यात, असा सरळ विचार. तेव्हा तुमच्या समितीत कोणी ‘मग शेड बांधू’ म्हणत असेल तर तीही पळवाट नाही.

तुमच्याकडे काय मार्ग आहे? एक तर सल्लागारांना विचारा, गट कुठल्या मोजणीवर ठरला. समुद्रगवत उन्हाळ्यात वाढतं, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात केलेली पाहणीच ग्राह्य धरतात. तशी झाली नसेल तर करून घ्या, उत्तर तुमच्या बाजूने येईलच असं मात्र नाही. दुसरं, सहा जागा सोसायटीच्या मालकीच्या ठेवा आणि कुटुंबांनी वाटून वापराव्यात. बहुतेक खासगी बोटी आठवडाभर बांधलेल्याच असतात, हे मी रोज बघते. तिसरं, ज्यांना स्वतःची बोट हवीच त्यांनी समुद्राच्या तोंडाजवळ, खोल पाण्यातल्या, आधीपासून चालू असलेल्या मरीनात जागा घ्यावी. तिथून निघालेली बोट मॅनटीच्या चरण्याच्या उथळ पाण्यावरून कमी जाते. आणि धक्का बांधाल तो चार फुटांपेक्षा रुंद नको, भरतीच्या पाण्यापासून पाच फूट उंच, फळ्यांमध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून, म्हणजे खालच्या गवताला ऊन मिळेल.

सहा जागांचा अर्ज तुम्ही आजही करू शकता. चोवीसचा केलात तर वर्ष जाईल, वकील लागेल आणि शेवटी पुन्हा याच आकड्यापाशी याल, असं तुमचे सल्लागार सांगत असतील तर ते तुमच्या हिताचं बोलताहेत.

मॅनटींची संख्या वाढली, २०१७ मध्ये त्यांना ‘संकटग्रस्त’ गटातून कमी धोक्याच्या गटात आणलं, असं वाचलं. शिवाय २०२१ मध्ये अकराशे मॅनटी मेल्या त्या उपासमारीने, बोटींनी नव्हे. मग बोटी आणि बांधकाम यांच्यामागे लागण्यात अर्थ काय? — पुण्याचे एक वाचक

पहिली माहिती बरोबर आहे, दुसरी बरीचशी. १९९१ च्या हवाई मोजणीत दीड हजारांपेक्षा कमी मॅनटी दिसल्या होत्या. २०२१-२२ चा अंदाज ८,३५० ते ११,७३० असा आहे. दोन्ही मोजण्यांची रीत वेगळी असल्याने थेट वजाबाकी करता येणार नाही, पण संख्या वाढली यात शंका नाही. ती वाढली कारण वेगाची बंधनं आली, राखीव जागा झाल्या आणि बांधकामाला शिस्त लागली. ज्या औषधाने बरं वाटलं ते बंद करा, असं तुम्हीही म्हणणार नाही.

मादी दोन ते पाच वर्षांतून एकदा, बहुधा एकच पिल्लू देते. वर्षभर पोटात, मग वर्ष-दोन वर्षं अंगाबरोबर. असा प्राणी टिकतो तो मोठ्या माद्या वर्षानुवर्षं जगल्या तर. बोटी दरवर्षी मॅनटी मारतात, २०१९ या एकाच वर्षात १३० हून जास्त मेल्या, आणि त्यांत मोठ्या, वीण देणाऱ्या असतातच. हा तोटा पिल्लांनी चटकन भरून निघत नाही.

२०२१ ची गोष्ट वेगळी वाटते, पण ती पाण्याकाठच्या वस्तीपासून तुटलेली नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमध्ये, म्हणजे समुद्रालगतच्या उथळ खाडीत, वर्षानुवर्षं सांडपाणी, सेप्टिक टाक्यांचा झिरपा आणि हिरवळीला घातलेली खतं येत राहिली. शेवाळ माजलं, ऊन तळापर्यंत पोचेना, समुद्रगवताची कुरणं मेली. त्या वर्षी राज्यात १,१०० मॅनटी गेल्या, त्यांतल्या बऱ्याच याच लगूनच्या भागात उपाशी. पुढच्या दोन हिवाळ्यांत सरकारला केप कॅनाव्हरलच्या वीजकेंद्रापाशी त्यांना लेट्यूस घालावा लागला. ती फोटोतली हिरव्या पाल्यावर तुटून पडलेली जनावरं बघून माझ्या आईने फोनवर विचारलं होतं, ‘गवत उगवत नाही का तिकडे आता?’ मी तिला सांगितलं, उगवत होतं, आपणच घालवलं.

तेव्हा पाण्याकाठी घर बांधणाऱ्याला मी बोट आणि धक्का याबरोबर सेप्टिक टाकी आणि खत याबद्दलही विचारते. आमच्या ली काउंटीत १ जून ते ३० सप्टेंबर, म्हणजे ऐन पावसात, नत्र आणि स्फुरद असलेलं खत हिरवळीला घालायला बंदी आहे. मी तर म्हणते, पाण्याला लागून असलेल्या अंगणात कधीच घालू नका. आणखी एक चिंता पुढची आहे. निम्म्याहून जास्त मॅनटी हिवाळ्यात वीजकेंद्रांच्या कोमट पाण्यावर अवलंबून आहेत, आणि ती जुनी केंद्रं कधी ना कधी बंद होणार. नैसर्गिक झऱ्यांकडे जाणाऱ्या वाटा मोकळ्या ठेवणं आत्तापासून लागेल, आणि त्या वाटा ज्या नद्या-खाड्यांतून जातात तिथेच सगळ्यांना मरीना हव्या असतात.

ताई, मी रत्नागिरीत स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प जेट्टीवर आहे. तुम्ही सांगता त्यातलं कोकणात काय लागू पडेल? आपल्याकडे मॅनटी नाहीत, पण डॉल्फिन दिसतात. — एक विद्यार्थी

तुझा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, कारण माझं माहेर रायगड किनाऱ्याचं.

भारतात मॅनटीची चुलत बहीण आहे, डुगाँग. मॅनटीची शेपटी गोल, वल्ह्यासारखी. डुगाँगची डॉल्फिनसारखी दुभंगलेली. ती कच्छच्या आखातात, मन्नारचं आखात आणि पाल्कच्या सामुद्रधुनीत, आणि अंदमानात आढळते. २०२२ मध्ये तमिळनाडूने पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं तिचं राखीव क्षेत्र जाहीर केलं. कोकणात मात्र तुला विचार करायचा आहे तो कुबड असलेल्या डॉल्फिनचा. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी वावरतो, म्हणजे जिथे जेट्ट्या होतात तिथेच. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला संरक्षण आहे.

फ्लोरिडाचे आकडे जसेच्या तसे उचलू नकोस. ५० फूट हे अंतर मॅनटीसाठी आहे, तिथे भीती आहे ती अंगाला यंत्र लागण्याची. डॉल्फिन आवाजावर जगतो, आवाजानेच वाट आणि मासा शोधतो, आणि खांब ठोकण्याचा आवाज पाण्यात फार दूर जातो. ब्रिटनमध्ये समुद्रात खांब ठोकण्यासाठी ५०० मीटरचं वर्तुळ धरतात, काम सुरू करण्याआधी ३० मिनिटं निरीक्षक पाणी बघतो, आणि पहिली किमान वीस मिनिटं हातोड्याचे घाव हलके ठेवून हळूहळू वाढवतात, म्हणजे जवळपास असलेल्या प्राण्याला निघून जायला वेळ मिळतो. तुझ्या प्रकल्पाला हे जास्त जवळचं आहे. शक्य तिथे ठोकण्याऐवजी भोक पाडून ओतलेले खांब घेतलेस तर आवाजच कमी होईल, आणि त्याच्या खर्चाचा फरक काढणं हे तुझ्या प्रकल्पातलं एक चांगलं प्रकरण होऊ शकतं.

पण आराखडा काढायच्या आधी जागेचा विचार कर. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत तिवरं, प्रवाळ, समुद्रगवत यांना सगळ्यांत कडक गटात ठेवलं आहे, नकाशावर ते बघता येतं. बोटींच्या वाटा मात्र कुठल्याच नकाशावर नसतात. त्या तूच काढ. जेट्टी झाल्यावर कुठल्या मोसमात, दिवसाच्या कुठल्या वेळी, किती बोटी, कुठून कुठे जातील? डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटी त्यांत किती असतील? त्यासाठी कोळीवाड्यात जा आणि जुन्या तांडेलांशी बोल. डॉल्फिन कुठल्या पाण्यात, कुठल्या भरतीला, कशामागे येतो हे त्यांना ठाऊक असतं. जाळी कुठे लागतात तेही ते सांगतील; जेट्टीमुळे त्यांची जाळी हलली तर तो तोटाही तुझ्या अहवालात यायला हवा.

मग निविदेत घालायच्या अटींचं एक पान तयार कर: निरीक्षक कोण असेल आणि त्याला काम थांबवायचा अधिकार आहे का, किती अंतरावर थांबायचं, किती वेळ बघायचं, नोंद कोण ठेवणार, आणि थांबलेल्या वेळेचे पैसे कोण देणार. शेवटची ओळ विसरू नकोस. ती आधीच लिहिलेली असली की कंत्राटदार निरीक्षकाकडे रागाने बघत नाही. पान झालं की मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मी वाचून खुणा करून परत पाठवते.